मामाजींची वही आणि फॉरमॅट मारलेली हार्डडिस्क

"भाचे, माही वही कुठी हाय?"

मामाजींनी हे विचारलं तेव्हा पावणेबारा वाजले होते. स्क्रीनवर नवीकोरी विंडोज एक्सपी होती. हिरवी टेकडी, निळं आभाळ आणि खाली कोपऱ्यात एकटी रिसायकल बिन. मी मदरबोर्डच्या सीडीवरून साउंडचा ड्रायव्हर टाकून राहिलो होतो. बाराला लाईन जायची, त्याच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळपासून घाई होती.

"आहे ना मामाजी, डी मध्ये," असं म्हणून मी डी ड्राइव्ह उघडली, 'वही' नावाचं फोल्डर उघडलं, आत एक फाइल होती. तिच्यापुढची तारीख ऑक्टोबर २००८ ची होती. त्या दिवशी तारीख होती ११ मे २०११.

ते फोल्डर मीच तयार केलं होतं. २००८ च्या दिवाळीला गेलो असताना एक कॉपी डी मध्ये टाकून ठेवली होती आणि विसरून गेलो होतो. मामाजी रोज रात्री जी फाइल उघडत, ती डेस्कटॉपवर होती. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्ह, डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जच्या आतलं एक फोल्डर. आणि सी मी तासाभरापूर्वी फॉरमॅट केली होती.

विचारलं नव्हतं असं नाही. "सी मधलं सगळं जाईल मामाजी, काही ठेवलं आहे का?" असं मी दोनदा विचारलं होतं. ते म्हणाले होते, "सी-डी मले नाही समजत भाचे. माही वही त समोरच राह्यते, उघडली का दिसते." 'समोरच' या शब्दाचा अर्थ मी तेव्हाच लावायला हवा होता. मी डी मध्ये 'वही' फोल्डर दिसतंय एवढं पाहिलं, उघडलं नाही, आणि एफ८ दाबून पुढे गेलो. चूक पूर्णपणे माझी होती आणि मी ती तिथेच कबूल केली.

ही वही काय होती ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मामाजी शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि सात एकर कोरडवाहू शेती बघू लागले. गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी एक असेंबल केलेला कॉम्प्युटर घेतला. ८० जीबीची आयडीई (जुन्या रुंद केबलची) हार्डडिस्क, २५६ एमबी रॅम, जी पुढे मी ५१२ करून दिली. शाळेत टाइपरायटरवर हात बसलेला होता, म्हणून कृतिदेव फॉन्टवर त्यांची बोटं पहिल्या दिवसापासून चालली. २००६ च्या मृगापासून ते रोज रात्री जेवण झालं की दहा-पंधरा ओळी टाइप करत. मृगात पाणी किती पडलं, आर्द्रा कोरड्या गेल्या का, कोणत्या तासाला (ओळीत) पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, कोणत्या वाणाची, डवरणीला किती दिवस, निंदणाला किती बाया आणि मजुरी काय, फवारणी कशाची, सीतादही (पहिल्या वेच्याआधीची शेतातली पूजा) कधी केलं, पहिला वेचा किती निघाला, कापूस काय भावानं गेला, उलंगवाडी (कापसाच्या वेचणीचा शेवट) कधी झाली. एकच वर्ड फाइल, खाली खाली वाढत गेलेली. आजूबाजूचे दोन-तीन शेतकरी पेरणीच्या आधी येऊन "गुरुजी, त्या साली पाऊस कधी उघडला होता?" असं विचारत, आणि मामाजी फाइल वर सरकवून सांगत. शेती तोट्यात कुठे गेली हे त्यांना अंदाजाने नाही, तारखेसकट माहीत असे.

आमच्याकडे कॉम्प्युटर हळू झाला की एकच इलाज सांगतात: विंडोज मारून टाका, म्हणजे डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. मीही दारव्ह्यात टायपिंग आणि दुरुस्तीचं छोटं दुकान चालवत होतो आणि महिन्याला आठ-दहा मशीनवर विंडोज मारत होतो. मामाजींचं मशीन सहा महिन्यांपासून अडत होतं. चालू होताना निळ्या पडद्यावर चेकडिस्क (डिस्क तपासणारा प्रोग्राम) यायची, वही उघडताना अर्धा मिनिट थांबायची आणि सीपीयूच्या डब्यातून बारीक 'कट्... कट्' असा आवाज यायचा. लाईन वारंवार अचानक जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली, म्हणून चेकडिस्क येत असेल असं मी धरून चाललो. तो आवाज म्हणजे डिस्क स्वतःच खराब होत असल्याची खूण होती. अशा वेळी आधी कॉपी काढायची असते, फॉरमॅट हा त्यावर इलाज नाहीच.

आता त्या क्षणी मी काय केलं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर टिकलं. मी माउसवरचा हात काढला. ड्रायव्हरचं इन्स्टॉलेशन अर्धवट होतं, ते पूर्ण होऊ दिलं नाही. स्टार्ट मेनूतून शट डाउनही केलं नाही, कारण बंद होताना विंडोज डिस्कवर बरंच काही लिहितं. सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. मामाजी घाबरले, म्हणाले, "काऊन बंद केलं बाप्पा?" मी म्हणालो, "आता याच्यावर एक अक्षरही लिहिलं जाऊ नये म्हणून."

फॉरमॅट म्हटलं की पाटी पुसली असं सगळ्यांना वाटतं. तसं नसतं. शेताच्या धुऱ्यावरचे दगड कोणी रात्रीतून उचलून नेले तर कोणाचं कुठवर ते कळेनासं होतं, पण पीक उभंच असतं. एनटीएफएस, म्हणजे विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, तिच्या क्विक फॉरमॅटमध्ये फाइलींची जी नोंदवही असते, कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांगणारी, ती नव्याने सुरू केली जाते. खालचा मजकूर जागच्या जागी राहतो. पीक जातं ते त्यानंतर नवीन माणूस नांगर घालतो तेव्हा, म्हणजे त्याच जागेवर नव्या फाइली लिहिल्या जातात तेव्हा. मी नांगर घातला होता, पण थोडाच. एक्सपीने साधारण दीड जीबी जागा घेतली असेल, वरून पेजफाइल, म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा. ५१२ एमबी रॅमला एक्सपी आपण होऊन ७६८ एमबीची पेजफाइल बनवतं. सी ड्राइव्ह २० जीबीची होती. म्हणजे सव्वादोन जीबीच्या आसपास नांगरलं गेलं, बाकी शेत उभं. ऑफिस आणि अँटिव्हायरस टाकायचं राहिलं होतं, ते टाकलं असतं तर आणखी गेलं असतं.

इथे एक गोष्ट नोंदवतो, कारण ती अनेक दुरुस्ती करणाऱ्यांनाही माहीत नसते. एक्सपीमध्ये क्विक न निवडता पूर्ण फॉरमॅट केला तरी तो फक्त खराब सेक्टर (डिस्कवरचे लहान लहान कप्पे) शोधत डिस्क वाचत जातो, मजकुरावर काही लिहीत नाही. व्हिस्टापासून हे बदललं. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये पूर्ण फॉरमॅट म्हणजे सगळ्या पार्टिशनवर शून्यं लिहिली जातात, मग काही परत येत नाही. हेही फिरत्या तबकडीच्या डिस्कपुरतं. नव्या एसएसडीमध्ये फॉरमॅट होताच मोकळी झालेली जागा ड्राइव्ह स्वतःच साफ करू शकते, तिथे हा हिशेब लागू नाही.

मामींनी जेवायला वाढलं होतं, आमरस होता. मामाजी जेवले. जेवताना एवढंच म्हणाले, "तीन सालाची वही गेली भाचे, दोन पावसाळे त मी आजारपणात बी चुकवले नाही." मला घास गिळवत नव्हता.

डिस्क डब्यातून काढली, मामींच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळली आणि पिशवीत घालून मोटरसायकलच्या हँडलला न अडकवता पोटाशी धरून बसलो. गाडी मामेभावाने चालवली. मे महिन्यातली दुपार, वर आग आणि खाली खडबडीत रस्ता. दुकानावर आल्यावर डिस्क लगेच जोडली नाही. ती थंड व्हायला म्हणून दोन तास फरशीवर ठेवली.

ती आपल्या विंडोजच्या मशीनला जोडायची नाही हे मी ठरवलं होतं. विंडोजला डिस्क जोडली की तो आपणहून हात लावतो. बूट होताना चेकडिस्क दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू करतो आणि आपण चहा आणायला गेलो असलो तर दुरुस्तीच्या नावाखाली नोंदी बदलून टाकतो. रिसायकलरचं फोल्डर, सिस्टिम रिस्टोअरचं फोल्डर, सगळं डिस्कवर लिहितो. म्हणून मी सिस्टिमरेस्क्यूसीडी वापरली. ही लिनक्सची सीडी आहे, तिच्यावरून मशीन थेट चालू होतं आणि आपण सांगितल्याशिवाय ती कोणत्याही डिस्कला हात लावत नाही. डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, फोटोरेक ही तिन्ही साधनं तिच्यात आधीच असतात आणि तिन्ही फुकट आहेत.

आयडीई डिस्कच्या मागे, रुंद केबल आणि पॉवरच्या चार पिनांच्या मध्ये, पिनांच्या काही जोड्या असतात आणि त्यातल्या एका जोडीवर इवलासा प्लास्टिकचा जंपर. तो कुठे बसला आहे त्यावर डिस्क मास्टर (केबलवरची पहिली) की स्लेव्ह (दुसरी) ते ठरतं. कोणती जोडी म्हणजे काय, याची आकृती डिस्कच्या लेबलवर छापलेली असते. मामाजींच्या डिस्कवरचं लेबल उष्णतेने पिवळं पडलं होतं, कापसाचा बारीक तंतू जंपरच्या भोवती गुंडाळला गेला होता. तो चिमट्याने सोडवला, जंपर योग्य जोडीवर बसवला. बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताच भाग ओळखणाऱ्या प्रोग्राममध्ये, ८० जीबीची डिस्क दिसली तेव्हा निम्मा जीव भांड्यात पडला. डिस्क बायोसलाच दिसत नसती तर घरी करण्यासारखं काही उरलं नसतं.

सगळ्यात आधी स्मार्टची माहिती वाचली. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवून ठेवते. रिअलोकेटेड सेक्टर म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, आणि पेंडिंग सेक्टर म्हणजे ज्या वाचता येत नाहीत आणि ज्यांचा निर्णय अजून व्हायचा आहे. दोन्ही आकडे शून्य हवेत. इथे दोन्ही शून्याच्या वर होते. ते पाहिल्यावर ठरवलं की मूळ डिस्कवर शोधाशोध करायची नाही. एकदा पूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी प्रत एका फाइलीत, काढायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतिमेवर करायचं.

डीडीरेस्क्यू हे काम कसं करतं ते मला फार आवडतं. साधा कॉपी प्रोग्राम खराब जागेवर अडला की तिथेच डोकं आपटत बसतो आणि तेवढ्यात मरणारी डिस्क मरते. डीडीरेस्क्यू आधी सोपं ते सगळं उचलतो, अडलेलं बाजूला सोडतो, आणि शेवटी राहिलेल्या जागांवर परत येऊन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. कोणती जागा घेतली, कोणती राहिली, हे तो एका लॉगफाइलमध्ये लिहीत जातो. हल्ली तिला मॅपफाइल म्हणतात. मध्ये लाईन गेली तर तीच लॉगफाइल देऊन तोच हुकूम पुन्हा द्यायचा, तो थांबला होता तिथून उचलतो. भारनियमनाच्या गावात याचं मोल काय ते वेगळं सांगायला नको.

फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, लॉगफाइल सीडीवरून चालू झालेल्या सिस्टिमच्या आपल्या जागेत ठेवायची नाही. ती जागा रॅममध्ये असते, लाईन गेली की तीही गेली. ज्या डिस्कवर प्रतिमा घेतो तिथेच लॉगफाइल ठेवायची. दोन, कुठून कुठे हे उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. ड्राइव्हचं नाव दर बूटला तेच असेल याची खात्री नसते, म्हणून आकार बघायचा. एक ८० जीबीची, दुसरी माझी ५०० जीबीची. एंटर दाबण्याआधी मी तो हुकूम तीनदा मोठ्याने वाचला. ५०० जीबीची डिस्क आधीच लिनक्सच्या ईएक्सटी३ मध्ये तयार करून ठेवली होती. फॅट३२ असती तर ४ जीबीच्या पुढची फाइल तिच्यावर मावली नसती आणि प्रतिमा तर ८० जीबीची.

पहिल्या रात्री साडेनऊला सुरू केलं. डिस्क टेबलावर आडवी, खाली वर्तमानपत्राची घडी, बाजूला टेबलफॅन पूर्ण वेगात. सुरुवातीला वेग सेकंदाला चाळीस एमबीच्या वर. अडीच जीबीच्या पुढे गेला आणि वेग पडला. चाळीसचे चार, चारचे शून्य. 'कट्... कट्'. एरसाइझच्या, म्हणजे न वाचता आलेल्या जागेच्या, पुढचा आकडा हलू लागला. मी खुर्चीत बसून राहिलो. करायचं काहीच नव्हतं, पण उठवत नव्हतं. पावणेतीनला लाईन गेली, इन्व्हर्टर तासाभरात बसला. अंधारात आधी पंखा थांबल्याचं कळलं आणि मग तो आवाज थांबल्याचं.

दुसऱ्या रात्री तिथून पुढे. सकाळी सहाच्या सुमारास पहिली फेरी झाली, मग राहिलेल्या जागांवर तीन फेऱ्या. शेवटी न वाचता आलेला भाग उरला तो फक्त काही डझन केबींचा. ८० जीबीतून एवढंच गेलं. डिस्क काढून पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि कपाटात ठेवली. तिला नंतर वीज लावली नाही.

आता फोटोरेक. नावात फोटो असलं तरी तो कितीतरी प्रकारच्या फाइली शोधतो. नोंदवही गेलेली असते, म्हणून तो नोंदवही बघतच नाही. डिस्कवर सेक्टरमागून सेक्टर वाचत जातो आणि फाइलीची सुरुवात ओळखतो. प्रत्येक प्रकारच्या फाइलीचं तोंड ठरलेलं असतं. जेपीजीची पहिली तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ. जुन्या वर्ड फाइलीची डी०, सीएफ, ११, ई०. तोंड दिसलं की तिथून तो फाइल कापून बाहेर काढतो. नाव आणि फोल्डर मात्र मिळत नाही, कारण ते फाइलीत नसतंच, नोंदवहीत असतं. सगळ्या फाइली एफ आणि पुढे आकडा अशा नावाने फोल्डरांत पडतात. मी सी पार्टिशन निवडली, फक्त मोकळ्या जागेत शोध असं सांगितलं, म्हणजे नव्या विंडोजच्या फाइली मध्ये येणार नाहीत, आणि फाइल प्रकारांमध्ये फक्त डॉक आणि जेपीजी ठेवले.

जेपीजी हजारोंनी निघाल्या. त्यातल्या बहुतेक इंटरनेटवरच्या बारीकसारीक चित्रांच्या. आकारानुसार लावल्या, पन्नास केबीच्या खालच्या बाजूला काढल्या, आणि उरले ते घरचे फोटो, साडेतीनशेच्या आत-बाहेर. कॅमेऱ्याने आतच तारीख लिहिलेली असते, त्यामुळे क्रम लावणं सोपं गेलं. फोटो एकदा लिहिला की पुन्हा कोणी हात लावत नाही, तो सलग पडलेला असतो, म्हणून चांगला निघतो. एक पोळ्याचा फोटो मात्र अर्धा आला. वर बैलाची शिंगं, त्यांना लावलेलं बेगड, कपाळावरचा बाशिंगाचा गोंडा आणि मामाजींच्या हातातला दोर, तिथपर्यंत स्वच्छ. त्याच्या खाली सगळा राखाडी पट्टा. त्या पट्ट्याच्या जागेवर माझी नवी विंडोज लिहिली गेली होती. तो बैल पुढल्याच वर्षी गेला होता, तेव्हा दुसरा फोटो नव्हता.

डॉक फाइली ६४० निघाल्या. यातली वही कोणती?

उघडून बघत बसलो तर आठवडा गेला असता, आणि उघडल्यावरही आत दिसत होती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कृतिदेव युनिकोड नाही, म्हणजे त्यात मराठी अक्षरांना स्वतःचे वेगळे क्रमांक नाहीत. तो इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देतो. फॉन्ट काढून घेतला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. 'मराठी' हा शब्द फाइलीत प्रत्यक्षात ई, जे, के, मोठा बी, एच असा साठवलेला असतो. मी चिडून फॉन्ट शोधू लागलो आणि मग एकदम लक्षात आलं की हीच गोष्ट माझ्या कामाची आहे. मामाजींच्या वहीत असा कोणता शब्द आहे जो दुसऱ्या कोणत्या फाइलीत एवढ्या वेळा येणार नाही? कापूस. कृतिदेवात कापूस म्हणजे डी, के, आय, डब्ल्यू, एल. ही पाच अक्षरं या क्रमाने कोणत्याही इंग्रजी शब्दात येत नाहीत.

लिनक्सवर ग्रेप नावाचा हुकूम आहे, फाइलींच्या पोटात अक्षरं शोधणारा. ६४० फाइलींवर तो सोडला. १८७ फाइली सापडल्या. वर्ड कधी एका अक्षराला एक बाइट वापरतो, कधी दोन, आणि दोन वापरतो तेव्हा मधे शून्य असतं. म्हणून शून्यं गाळून पुन्हा शोधलं, आणखी नऊ मिळाल्या. ही अक्षरं पडद्यावर ओळीने उमटली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. मी मामाजींना फोन लावला नाही, ते झोपले असतील म्हणून. सकाळी सहाला लावला. ते म्हणाले, "मी जागाच होतो."

एकाच वहीच्या इतक्या फाइली का, हे आधी मला कळलं नाही. वर्ड सेव्ह करताना जुन्या फाइलीवर थेट लिहीत नाही. नवी फाइल वेगळ्या जागी पूर्ण लिहितो, मग जुनी काढून नवीला तिचं नाव देतो. म्हणजे मामाजींनी रोज रात्री सेव्ह केलं तेव्हा कालची वही डिस्कवर मोकळ्या जागेत पडून राहिली. काहींवर नंतर दुसरं काही लिहिलं गेलं, काही तशाच राहिल्या. तीन वर्षांच्या रात्री एकावर एक रचल्यासारख्या. मी त्या आकारानुसार लावल्या. सगळ्यात लहान २००८ ची, सगळ्यात मोठी शेवटची असणार.

सगळ्यात मोठी उघडली नाही. तिच्या खालची उघडली नाही. तिसरी उघडली, कृतिदेव ०५५ लावला आणि पहिलं पान मराठीत आलं. शेवटच्या पानावर गेलो. ३ फेब्रुवारी २०११. आधी डी मधल्या २००८ च्या कॉपीशी सुरुवातीची पानं ताडून पाहिली, अक्षर न् अक्षर जुळलं. मग हायसं वाटलं.

न उघडणाऱ्या दोन फाइली तुटक्या होत्या. मोठी फाइल डिस्कवर सलग जागा न मिळाल्यास तुकड्यांत पडते. फोटोरेकला तोंड कळतं, पण पुढचा तुकडा कुठे आहे हे नोंदवहीशिवाय कळत नाही, तो सरळ पुढचे सेक्टर घेत जातो आणि मधे दुसऱ्याच कोणाचा मजकूर घुसतो. वर्डमध्ये फाइल उघडण्याच्या चौकटीत खाली प्रकारांची यादी असते, तिच्यात 'कोणत्याही फाइलीतून मजकूर वाचवा' अशा अर्थाचा एक पर्याय असतो. फार कमी लोक तिकडे बघतात. तो निवडून मोठी फाइल उघडली. रचना गेली, तक्ते गेले, कचरा भरपूर आला, पण मधे लांबच लांब मजकूर होता. त्याला फॉन्ट लावला. फेब्रुवारीतले पाच दिवस मधून गायब, आणि पुढे २२ मार्चपर्यंत वही. शेवटची ओळ होती पऱ्हाट्या उपटायला किती माणसं लागली त्याची.

त्याच्या पुढे काही मिळालं नाही. दीड-पावणेदोन महिन्यांचा मजकूर नव्या विंडोजखाली गेला असावा, किंवा तुकड्यातुकड्यांत पडला असेल आणि मला जुळवता आला नाही. आज हे काम आलं असतं तर मी एक पाऊल आधी टाकलं असतं. नोंदवहीच्या प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला इंग्रजीत फाइल अशी चार अक्षरं असतात. फॉरमॅटनंतर नवी नोंदवही बहुधा त्याच जागेपासून सुरू होते आणि जुन्या नोंदी वरून दाबत येते, पण नवीन विंडोजच्या फाइली जितक्या तितक्याच. विंडोज टाकल्यानंतर माणसाने स्वतः केलेल्या फाइलींच्या नोंदी साधारणपणे त्यापुढे असतात आणि त्या बऱ्याचदा वाचलेल्या असतात. त्या शोधून नाव, फोल्डर आणि तुकडे कुठे कुठे आहेत ते सांगणारी साधनं आहेत. फोटोरेकच्या आधी ती लावायला हवी होती. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

२९ मे ला मी गावी गेलो. नवीन हार्डडिस्क, नवीन एक्सपी, यूपीएसला नवीन बॅटरी. माय डॉक्युमेंट्स सी वरून उचलून डी वर नेऊन ठेवलं. वहीचा खरा मुक्काम डी मध्ये आणि डेस्कटॉपवर फक्त तिच्याकडे नेणारा शॉर्टकट, म्हणजे मामाजींना ती 'समोरच' दिसेल. एक कॉपी पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह मामींच्या कपाटात लुगड्यांच्या घडीत. दर अमावास्येला तो काढून कॉपी करायची असं त्यांनीच ठरवलं, कारण अमावास्या विसरत नाही. त्या दिवशी शेतात कामही नसतं.

मग मार्च-मे चं राहिलं. मामाजींनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं. त्याच्यावर मजुरीच्या खुणा होत्या, दुधाच्या होत्या. कापूस विकल्याच्या पट्ट्या मामींनी डब्यातून काढल्या. उलंगवाडीचा दिवस दोघांनाही पक्का आठवत होता, कारण त्याच दिवशी पाहुणे आले होते. मी टाइप करतो म्हणालो तर त्यांनी हात केला, "राहू दे, माह्या हातानंच होऊ दे." चष्मा पुसून ते बसले. एका बोटाने कॅलेंडरवरची तारीख दाबून धरायची, दुसऱ्या हाताने टाइप करायचं.

एके ठिकाणी मी म्हणालो, "मामाजी, १४ एप्रिलला वखरणी सुरू झाली असेल, तेरालाच बैल आणले म्हणता तर."

"असन," ते म्हणाले, "पण मले आठवत नाही. नाही लेहत."

त्यांनी १४ एप्रिल असं टाइप केलं, पुढे दोन ओळी रिकाम्या सोडल्या आणि १५ वर गेले. संध्याकाळी मोजलं तेव्हा असे एकोणीस दिवस कोरे होते. ११ मे च्या पुढे त्यांनी लिहिलं: भाचा आला. संगणक दुरुस्त. वही हरवली. आणि २९ मे च्या पुढे: वही आली. १९ दिवस नाहीत. उद्या शेणखत टाकायचं.